आधी नाव, मग सुई

साकोलीच्या आमच्या जनावरांच्या खाजगी दवाखान्यातले डोमाकाका कोणत्याही जनावराला आधी स्वतःचं नाव सांगतात. "रामराम बाई. मी डोमाजी, सानगडीचा. हे पाहा, माया हातात सुई आहे. दुखन, पन जराकसंच." मग सुई. कोणी पट्टा बांधलेलं कुत्रं आणलं, तर रामरामच्या जागी "हॅलो" येतं. गाव तेच राहतं.

काका इथे बावीस वर्षांपासून ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी-सुई करणारे. मी दीड वर्षापूर्वी लागलेली मदतनीस. कोंढ्याच्या आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी. हे मी कोणी न विचारताही सांगायची.

पहिल्याच आठवड्यात मी सुई पाठीमागे लपवून एका गाईजवळ गेले. तिनं लाथ घातली, मी शेणात बसले. काकांनी मला उठवलं, पण बाजू गाईची घेतली.

"तिची काय चूक? तू नाव सांगतलं काय तिले? लपवलेली सुई दुप्पट टोचते, पोरी."

शीर कुठे सापडते, अडलेली म्हैस कधी बसते, सगळं त्यांनीच शिकवलं. कॉलेजात यातलं काहीच नव्हतं.

महिना भरला तेव्हा पगाराची यादी डॉक्टरांनी मला टाईप करायला दिली. माझा आकडा काकांच्या आकड्याहून मोठा होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ग्रॅज्युएट आहात. डोमाजीजवळ काय, नुसता अनुभव." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूपच बरं वाटलं. काकांना मी काही सांगितलं नाही.

मागच्या सोमवारी काका कोरा कागद घेऊन आले. "पोरी, डाक्टरले एक अर्ज लिव. पगार वाढवाचा."

चला, मागताहेत एकदाचे, असं म्हणून मी पेन उघडला.

"लिव. आमची पोरगी नवीन आहे. खोलीचं भाडं भरून राहिली. नवीन मानसाले कमीच भेटत असन. मले जेवढं देता, तेवढं तिले द्या. मले यंदा नाई वाढवलं तरी चालन."

मी पेन बंद केला.

"काका, मले तुमच्याहून जास्त भेटते. पहिल्या महिन्यापासून."

त्यांनी कागद परत घेतला. "असं काय," म्हणाले. "बरं झालं. मंग अर्ज कायले पाह्यजे?"

बाहेर एक म्हैस बांधली होती. काका सुई घेऊन गेले आणि काहीच न बोलता टोचून मोकळे झाले. म्हैस दचकली.

तिची माफी मी तिथल्या तिथे मागितली. काकांची अजून मागता आलेली नाही.