चिमाबाई कासारणीची फिर्याद आणि व्याख्येची मसलत

श्री. वाचा देणारियास नमन, वाचा आवरणारियास दुणे नमन. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरी एका राज्यात वर्तले ते यथामति लिहितो. राज्यात मोबाइलावरील ग्रुप उदंड जाहले आणि त्यांत खूनखराब्याची चिथावणी फार माजली, मग सरकारांनी फर्माविले की जहाल हिंसक प्रचार म्हणजे काय याची व्याख्या करावी, तोवर कोणास धरू नये. त्याजवरून सात पंडितांची सभा बैसली आणि भिवाजीपंत चिटणीस लेखनास नेमिले. एक म्हणाले, शिवी हाच प्रचार. दुसरे म्हणाले, मग निम्मे राज्य कैदेत घालावे लागेल. आणि एका 'किंवा' शब्दावर आषाढ सरोन श्रावण लागला.

ते समयी चिमाबाई कासारीण आपला भाऊ सटवाजी याचा मोबाइल घेऊन आल्या आणि बोलिल्या, "पंत, आधी नुसत्या थट्टा होत्या. मग नदीपलीकडच्यांना किडे म्हणू लागले, त्यांना मारणं पुण्य म्हणू लागले. आता रत्नू नावाड्याच्या घराचा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, हेच घर. माझ्या भावानं त्यावर अंगठा दिलाय. रत्नू आमच्यात जेवलेला माणूस, हो!" पंतांनी वाचिले, मग सभेपुढे ठेविले. सभापती बोलिले, "व्याख्या ठरली नाही. बाईंस सोमवारी बोलवा." पंतांनी सोमवारची तारीख लिहोन दिली. आणि रविवारी सटवाजीने चौघांसह रत्नूचे घर पेटविले. रत्नू वाचले, परंतु दोन्ही हात भाजोन वल्हे धरणे सरले, आणि सटवाजी कैद जाहला. मग पंत चिमाबाईंकडे गेले आणि पुसिले, "बाई, तुम्ही कशावरून ओळखलंत?" बाई बोलिल्या, "शिव्या तर तो लहानपणापासून देतो. पण रत्नूचं नाव घेणं सोडलं, 'तो पलीकडचा' म्हणू लागला, तेव्हा ओळखलं. मी रत्नूला सांगितलं, तो हसला, म्हणाला, सटवा माझ्यावर हात उचलील? तुम्ही सरकारचे. तुमचा एक फोन गेला असता तर तो घर सोडून निघाला असता."

मग पंतांनी सभेत लिहिले: जेथे माणसाचे नाव घेणे सोडोन त्यास किडा म्हणतात, आणि त्यास मारणे पुण्य म्हणतात, आणि त्याचे घर दाखवितात, तेथे जहाल हिंसक प्रचार समजावा, आणि त्या घरास आधी खबर द्यावी. सभेने व्याख्या मान्य केली आणि खबरेचे कलम विषयाबाहेरचे म्हणोन काढिले. पंतांनी चाकरी सोडिली, आणि नदी उतरोन रत्नूचे जळक्या ओट्यावर जाऊन उभे राहिले. रत्नू म्हणाले, "बसा. पाणी तेवढं हातानं घ्या, माझ्यानं तांब्या उचलवत नाही."

एवंच व्याख्या दप्तरी दाखल जाहली, घराचे छप्पर अद्याप व्हावयाचे आहे. लिहिणाराचे याउपर म्हणणे नाही.