कावेरीबाईंच्या झाडास पाणी फार जाहले त्याची हकीकत

श्री. ज्याचे कृपेने अपराध्यासही बोलावयास तोंड मिळते त्यास नमन करून, घडले तैसे लिहितो; स्वतःस राखून लिहीत नाही. शके सतराशे एक, विकारी नाम संवत्सर, कार्तिक मासी डोंगरावरील आमचे दौलतीत ऐसे वर्तले की, धनी राजश्री हैबतराव यांच्या सूनबाई कावेरीबाई सातव्या महिन्यात बाळंतपणास माहेरी निघाल्या. त्यांचे माहेर दक्षिणेस, दर्याकाठच्या दाट अरण्यात, आणि आमचा मुलूख कोरडा. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी तिकडील एक झाड कुंडीत घालून आणिले होते. पाने हत्तीच्या कानासारखी रुंद, जाड, चकचकीत. ते त्यांच्या महालात पूर्वेच्या खिडकीपाशी असे, आणि त्याची निगा म्हातारी चिमा माळीण राखीत असे. मेण्यात बसतेवेळी बाई सासऱ्यांस म्हणाल्या, "मामंजी, इथे माझ्या गावचे एवढेच आहे. तेवढे सांभाळावे." धनी म्हणाले, "सूनबाई, निश्चिंत जा. एक पान गळू देणार नाही."

मग धन्यांनी मोठ्या प्रीतीने झाड उचलून सदरेवर आपले बैठकीशेजारी आणविले आणि मातीची कुंडी हलकी दिसते म्हणून ते तांब्याचे घंगाळात लावविले. घंगाळास खाली छिद्र नव्हते, आणि सदरेवर उजेड थोडा. रोज सकाळी स्नान करून धनी स्वहस्ते तांब्याभर पाणी घालीत, आणि ते पाहून कारभारीही घालीत, आणि मी, जो फडावरील लिहिणार कारकून, धन्यांचे नजरेस पडावे म्हणून मीही घालीत असे. पंधरा दिवसांत खालचे पान पिवळे पडले आणि गळाले. धनी म्हणाले, "तहानले असेल," आणि दोन तांबे घातले. मग दुसरे गळाले, मग तिसरे.

तेव्हा चिमाबाई भर सदरेत पुढे येऊन म्हणाली, "सरकार, ह्याला पाणी बास करा. मुळं बुडाल्याती. खिडकीशी न्या, आन् खाली भोक असलेल्या कुंडीत घाला." धन्यांस सर्वांदेखत हे बोलणे लागले. म्हणाले, "आम्ही स्वतः पाणी घालतो आणि तू आम्हांस शिकवतेस? तुझ्याच आळसाने झाड वाळले. उद्यापासून वाड्यात पाऊल टाकू नको." म्हातारी माझेकडे पाहत राहिली, कारण आदले दिवशीच मी पाणी घालीत असता तिने घंगाळातील माती बोटाने दाबून मला दाखविली होती, आणि वर पाणी तरळले होते, आणि वास आला होता. मजला सर्व ठाऊक होते. धन्यांनी विचारिले, "लिहिणार, तुम्ही रोज इथे बसता. म्हातारी खरे बोलते काय?" मी म्हणालो, "सरकार म्हणतात तैसेच असेल." आणि तिला काढल्याचा हुकूम माझेच हाते लिहिला, अक्षर नेहमीप्रमाणे वळणदार आले.

मग माघ मासी पत्र आले की, कन्यारत्न जाहले, बाळ-बाळंतीण सुखरूप, फाल्गुनात येतो. त्या दिवशी झाडावर दोन पाने होती. धनी उठले आणि त्यांनी झाडास धरून हलविले, तो ते सहज हाती आले. मुळे काळी, लिबलिबीत, आणि सदरभर कुजका वास. कारभारी म्हणाले, "सरकार, दुसरे रुंद पानाचे झाड आणवू. सूनबाईंस कळणार नाही." धनी म्हणाले, "आपल्या गावचे झाड तिला कळणार नाही?" मग सर्वांकडे पाहून म्हणाले, "म्हातारी सांगत होती. आणखी कोणास ठाऊक होते?" मी म्हणालो, "मला." धन्यांनी मजकडे पाहिले आणि झाड खाली ठेवून ते दाराकडे निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरे होते.

मग धनी अनवाणी डोंगर उतरून चिमाबाईचे घरी गेले, मागे मी. ती अंगणात वाल निवडीत होती, उठली नाही. धनी म्हणाले, "चिमाबाई, चूक माझी. झाड चालले." तिने विचारिले, "खोड दाबून पाहिलं का? मऊ हाय का टणक?" धनी म्हणाले, "वर टणक आहे." "मग चला," म्हणाली, "पण मला आळशी सदरेत म्हटलं, तवा तिथंच मागं घ्या." धन्यांनी ते त्याच दिवशी सदरेत हात जोडून मागे घेतले.

मग तिने सुरी विस्तवावर तापवून काळी मुळे छाटली, पांढरी राहिली ती चार, त्यांस राख लाविली. आणि लहान मातीच्या कुंडीत पालापाचोळ्याची माती, वाळू व नारळाचा काथ्या घालून झाड बसविले, आणि ते खिडकीशी पातळ पडद्याआड ठेविले. जवळ पाण्याची परात ठेविली की हवेस ओल राहावी. "बोट दोन पेरं आत घालायचं," तिने धन्यांस सांगितले, "कोरडं लागलं तरच पाणी." धनी रोज बोट घालून पाहत आणि तांब्या न उचलता परतत. तरी आठा दिवसांनी एक पान गळालेच.

फाल्गुनात कावेरीबाई आल्या, कडेवर लेक, आणि खिडकीशी एका पानाची काठी. धनी दारातच म्हणाले, "सूनबाई, झाड मी बुडविले, आणि सांगणारीस हाकलून दिले." बाईंचे डोळे भरले, तीन दिवस त्या सासऱ्यांशी बोलल्या नाहीत. चवथे दिवशी त्यांनी हाक मारिली, "मामंजी, इकडे या. बोट घाला. काय लागते?" धनी म्हणाले, "कोरडे." "मग पाणी तुम्हीच घाला," बाई म्हणाल्या. धन्यांनी तांब्या इतका जपून कलंडविला की अर्धे पाणी त्याच्या बुडावरून ओघळून फरशीवर सांडले, आणि बाईंस हसू आले. चैत्र लागता शेंड्यास नवे पान सुटले, गुंडाळलेले, कोवळे.

मीही चिमाबाईस गाठून म्हणालो, "मलाही क्षमा कर." ती म्हणाली, "सरकारास ठाऊक नव्हतं. तुम्हांस होतं." आणि कामास लागली.

सारांश, झाड वाचले, आज त्यास सहा पाने आहेत. चिमाबाई रोज येते, सर्वांशी बोलते. मजशी बोलत नाही, आणि ते योग्यच आहे. लेखनसीमा.