झोपलेल्यांचा मान

एका जंगलात, बाळांनो, हाकारू नावाचं एक भेकर राहत होतं. वाघ दिसला की ते भुंकायचं आणि सगळं जंगल सावध व्हायचं. खोड एकच. शेजारच्या शेतातली तंबाखूची पानं गालात धरून बसायचं.

एक दिवस त्याच्या घशात गाठ आली. आवाज घोगरा झाला. भेकराचं भुंकणंच गेलं, तर मग राहिलं काय? हाकारू घाबरत घाबरत साळिंदर वैद्याकडे गेलं.

वैद्यबुवांनी त्याच्या घशात लाल मुंग्यांची पलटण सोडली. गाठीत गाठुले नावाचे बारीक बारीक जीव राहत होते. दिवसभर खायचे आणि एकाचे दोन व्हायचे. मुंग्यांनी त्यांना चावून चावून मारलं. हाकारूचे केस गळाले, चारा कडू लागला, पण गाठ मुगाएवढी झाली.

मुंग्यांची नाईकीण बाहेर येऊन म्हणाली, "थोरले गाठुले तेवढे राहिलेत, बुवा. बाकीची सगळी त्यांचीच पिलावळ. पण ते झोपलेत."

"मग राहू दे," वैद्य म्हणाले. "झोपलेल्याला हात लावायचा नाही, ही आपल्या जंगलाची रीत आहे."

हाकारू पुन्हा भुंकू लागलं. जंगलानं वैद्यांच्या गळ्यात रानफुलांची माळ घातली.

इकडे थोरले उठले. झोप छान झाली होती, भूकही लागली होती. बघता बघता गाठ बोराएवढी झाली आणि हाकारूचा आवाज पुन्हा बसला. पुन्हा पलटण आली. थोरले पुन्हा डोळे मिटून पडले.

हाकारू हळूच म्हणालं, "बुवा, या खेपेला आधी त्या झोपलेल्यांचं बघा ना."

"आजारानं तुझी रीतभात पार गेली रे," वैद्य हळहळले, आणि दुपारच्या झोपेसाठी झाडाखाली आडवे झाले.

तेवढ्यात झुडपातून वाघ निघाला. हाकारूनं तोंड उघडलं. नुसती हवा आली. बिचाऱ्यानं पाय आपटले. मग काटे लागत होते तरी वैद्यांना नाकानं ढोसलं.

"झोपलेल्याला हात लावायचा नाही," वैद्य पुटपुटले आणि कुशीवर वळले.

वाघाचा पंजा पडला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "अहो, मी झोपलोय."

"असेल," वाघ म्हणाला. "मी पलीकडच्या जंगलातला. आमच्यात असं काही नसतं."

तात्पर्य : झोपलेल्याशी सभ्यपणानं वागावं. तो उठल्यावर सभ्यपणाचा प्रश्न राहत नाही, कारण आपण राहत नाही.