पाटलाची तुळई आणि आश्रुबा मास्तरांचा तोल

पाथरी तालुक्यातल्या एका लहान गावच्या शाळेत आश्रुबा मास्तर तीन वर्षांपासून हंगामी होते. हंगामी म्हणजे आज आहेत, उद्या सरकारची मर्जी. दर वर्षी ते बायकोला, मनकर्णाबाईला सांगत, "औंदा कायम होतो बघ." ती बिचारी मारुतीपुढं दोन नारळ आगाऊ फोडून बसली होती.

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे पंचेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीस; त्या थंडीत तालुक्याहून हुकूम आला. शाळकरी मुलांचा तोल कसरतीनं सुधारावा. प्रत्येक मुलानं डोक्यावर पाटी ठेवून अरुंद लाकडावरून दहा हात चालून दाखवावं. पुढच्या बुधवारी शाळाखात्याचे मोठे अधिकारी मोहतमीमसाहेब स्वतः पाहणीला येतील, आणि काम पसंत पडलं तर हंगामी मास्तराला कायम करतील. दुसरा कोणी असता तर हुकूम खिळ्याला अडकवून त्यानं तंबाखू मळली असती. आश्रुबा मास्तरांनी धोतराचा काचा मारला.

"आता न्हाई तर कधीच न्हाई," ते म्हणाले आणि तडक माणिकराव पाटलांकडं गेले. पाटलांनी नव्या घरासाठी ठेवलेली सागाची तुळई दिली, पण बजावून दिली. "मास्तर, पोरं पडली तर पडू द्या. तुळईला ओरखडा नगं."

तुळई दोन धोंड्यांवर ठेवली. जमिनीपासून उंची एक वीत. जी पोरं शेतातल्या निसरड्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, रोज पळत शाळेत यायची, ती या वीतभर उंचीवरून पटापट पडायला लागली. मास्तर तुळईच्या टोकाला छडी घेऊन उभे होते आणि ओरडत होते, "व्यंकटी, तोल! पाय बघ! माझ्याकडं बघ! पाटी सांभाळ!" व्यंकटीनं एक डोळा पायाकडं ठेवला, दुसरा छडीकडं, आणि पाटीसकट खाली आला. चार दिवसांत अकरा पाट्या फुटल्या.

मनकर्णाबाई घागर घेऊन आडाकडं जाता-येता हे बघत होती. "अवो, तुमी जरा बाजूला व्हा, पोरं चालतील," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय कसरतीतलं?" मास्तर म्हणाले. (हे तिच्या डोक्यावर भरलेल्या दोन घागरी आणि कडेवर एक कळशी असताना म्हणाले.)

शेवटी मास्तरांनी ठरवलं की आधी आपण चालून दाखवायचं. सोमवारी सकाळी पोरांकडून तुळई घरी आणवली आणि माजघरात मांडली. पोरांच्या डोक्यावर पाटी, तर मास्तरांच्या डोक्यावर निदान पाण्यानं भरलेला तांब्या पाहिजे, असा त्यांचा हिशेब. पहिली चार पावलं झकास पडली. पाचव्याला त्यांनी तांब्या हलला का म्हणून वर बघितलं. मग पाय कुठं आहे म्हणून खाली बघितलं. मग आधाराला हात पुढं केला, तो थेट मनकर्णाबाईच्या उतरंडीला लागला.

सात मडकी होती. वरच्या छोट्यात मोहरी, खालच्या मोठ्यात तुरीची डाळ, मधल्यात वर्षाचं तिखट. मनकर्णाबाई धावत आली तेव्हा मास्तर डाळीत बसून शिंकत होते.

"अगं बाई! लागलं का?"

"तुळई... ठीक हाय ना?"

"तुळईला काय धाड भरलीय! माझी उतरंड गेली की! सासूबाईपासनं कुणी हात लावला नव्हता तिला!" तिला रडू आलं आणि हसूही आलं, तसंच तोंडाला पदर लावून तिनं मास्तरांच्या सुजलेल्या घोट्याला हळद-चुना लावला. मंगळवारी मास्तर खाटेवर पडून होते. आता कसला कायम होतोय, या विचारानं त्यांना जेवण गेलं नाही. शाळेत तुळई पोचवायला मनकर्णाबाई पोरांना घेऊन गेली. यायला तिला बराच उशीर लागला.

बुधवारी साहेब आले. मास्तर काठी टेकत तुळईच्या टोकाला उभे राहिले. व्यंकटी चढला, डोक्यावर पाटी, आणि सरळ चालत गेला. मागून दुसरा, तिसरा, सगळी शाळा. मास्तर दबक्या आवाजात म्हणत होते, "इकडं बघ, इकडं," पण एक पोरगं बघेल तर शपथ. सगळ्यांच्या नजरा समोरच्या मारुतीच्या देवळाच्या कळसावर.

साहेब खूश. "शाबास! मास्तरसाब, तरकीब क्या है?"

मास्तरांनी भाषणासाठी घसा साफ केला. तेवढ्यात व्यंकटी बोलला, "मास्तरीणबाईनं सांगितलं साहेब. डोक्यावर वजन असलं की पायाकडं बघायचं न्हाई, लांब कळसाकडं बघायचं. आन् मास्तरकडं तर अजिबातच बघायचं न्हाई."

साहेबांना मराठी चांगलं समजत होतं. ते पोट धरून हसले.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. मास्तर कायम झाले होते! त्यांनी अंगणातूनच हाक मारली. मनकर्णाबाई नव्या मडक्यांची उतरंड रचत होती. तिचे डोळे भरून आले.

"आन् खाली बारीक काय लिवलंय?" त्यांच्या हातातल्या कागदाकडं बघत तिनं विचारलं.

"काही न्हाई, आपलं... कसरतीच्या वेळी मास्तरांनी पोरांच्या पाठीमागं, शक्यतो दिसणार न्हाई असं उभं राहावं."

मनकर्णाबाईनं सातवं मडकं दोन्ही हातांनी उचललं.

"साहेब लय शहाणा माणूस हाय," ती म्हणाली. "आता तेवढं पाठीमागं जावा बरं. मला मडकं ठिवायचंय."