हरदासकाकांचा मार्कर

गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाला हरदासकाकांनी स्वतःच्या ताटातले दोन मोदक उचलले आणि परत ट्रेमध्ये ठेवले. वाढणाऱ्या बाई ओरडल्या, "अहो, उष्टं!" काका म्हणाले, "लाइनीत चुकीच्या जागी घुसलो होतो. गोल्फमध्ये याला टू स्ट्रोक्स पेनल्टी, दोन फटक्यांचा दंड." तक्रार कुणी केली नव्हती. कुणी बघितलंसुद्धा नव्हतं. मागं मी होतो. ते दोन मोदक मी खाल्ले.

काका मूळचे नागपूरचे. ऑइल कंपनीतून रिटायर झालेले इंजिनियर, इथं टेक्सासच्या शुगर लँडमध्ये आयुष्य गेलेलं. मी त्यांच्यापुढं कोण? आठवीत गणितानं मला सोडलं, मग मी शाळा सोडली. बायको इकडं नर्स आहे, तिच्या मागं मागं आलो आणि ग्रोसरीत समोसे तळतो. तरी गोल्फच्या जोडीला काकांनी मलाच निवडलं, कारण मला गोल्फमधलं काहीच येत नव्हतं. ज्यांना थोडंफार येत होतं ते मंडळातले तिघं वैतागून गेले होते. एकानं चेंडूमागचं गवत पायानं दाबलं, दुसऱ्यानं चेंडू उचलून पुसला, तिसऱ्यानं सात फटक्यांचे सहा सांगितले. काकांनी प्रत्येकाला खिशातलं नियमांचं पुस्तक उभं राहून वाचून दाखवलं.

"शनिवारी सकाळी काय करून राहिला बे?" समोसे घेताना त्यांनी मला विचारलं. "मार्कर पाहिजे. माझा स्कोअर तू लिहायचा, खाली सही करायची."

"काका, मला शंभरापर्यंतच आकडे येतात."

"माझ्या खेळाला ते पुरत नाहीत. पण ये."

पहिल्याच शनिवारी मी कार्ट, म्हणजे मैदानावर फिरायची छोटी गाडी, वाळूच्या खड्ड्यात घातली. काका चिडले नाहीत. "जिथं पडला तिथूनच मारायचं," म्हणाले आणि मला ढकलायला लावली. हे वाक्य त्यांना सगळीकडं चालतं. चहात साखर कमी पडली, मुलाचा सिॲटलहून फोन आला नाही, तरी जिथं पडला तिथूनच.

नियम करतं कोण, असं मी एकदा विचारलं. काकांनी कार्ट थांबवली.

"जगात गोल्फचे दोन हायकोर्ट. अमेरिका अन् मेक्सिको एकाकडे. बाकीचं जग स्कॉटलंडवाल्याकडे."

"आपला इंडिया?"

"स्कॉटलंडकडे."

"म्हणजे साहेब अजून गेलाच नाही!"

"ऐक बे. दोघं मिळून एकच पुस्तक लिहितात."

"पुस्तक एक, मग माणसं दोन कशाला?"

"एकट्यानं लिहिलेलं कोण मानते?"

त्यांच्या बायको, आमच्या काकू, असताना काका शंभर फटक्यांच्या आत यायचे; गोल्फमध्ये फटके कमी तो खेळ चांगला. काकू त्यांच्या मार्कर. त्या गेल्या आणि शंभराच्या आत येणं बंद झालं. मागच्या शनिवारी मात्र काका असे काही खेळले की मलासुद्धा हिशेब लागला. शेवटचं होल राहिलं होतं आणि आज जमणार होतं. तेवढ्यात चेंडू ओकच्या बुंध्यामागं जाऊन बसला. काका लांब, पिशवीत काठी शोधत होते. मी बुटाच्या टोकानं चेंडू हळूच मोकळ्यावर सरकवला. आयुष्यात एवढा नेमका पाय मी कधी टाकलेला नाही.

काका आले, चेंडूकडं बघितलं, झाडाकडं बघितलं आणि मारला.

अठ्ठ्याण्णव! मी नाचत नाचत आकडा लिहिला, सही ठोकली. काकांनी कार्ड घेतलं, अठ्ठ्याण्णव खोडलं आणि बाजूला शंभर लिहिले.

"चुकीच्या जागेवरून खेळलो. दोन."

"तुम्ही बघितलं?"

"बघितलं."

"मग तिथंच बोलायचं ना! चेंडू परत ठेवला असता."

"तिघांना तिथंच बोललो होतो," काका म्हणाले. "परत आला का एक तरी?"

मी बॅग गाडीत ठेवायला गेलो तर बाजूच्या कप्प्यातून जुन्या कार्डांचा गठ्ठा निसटला. वरच्या कार्डांवर काकूंची मराठीत गोल सही, 'सुमती'. मग थोड्या त्या तिघांच्या. मग गठ्ठाभर कार्डं, सहीची जागा कोरी. प्रत्येकावर काकांनी स्वतःला दंड लावलेला. इथं दोन, तिथं एक. बघायला कुणी नसताना.

"ही कार्डं?"

"एकट्यानं खेळलेलं रेकॉर्डला धरत नाहीत. तसा नियम आहे."

मला काय सुचावं? मी पेन काढलं. "आणा काका, सगळ्यांवर सह्या करतो."

"खोट्या सह्या? डिसक्वालिफाय होशील." त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून घेतला, कडा सारख्या केल्या आणि परत कप्प्यात ठेवला. शंभरवालं कार्ड मात्र माझ्यापुढं धरलं. "इथं कर. आकडा बदलला की परत सही लागते."

मी केली. जरा बरं अक्षर काढायचा प्रयत्न केला, त्यात माझं आडनाव चुकलं.

काकांनी चष्मा लावून बघितलं. आता पुस्तक निघणार, म्हणून मी मान खाली घातली.

"चालते," काका म्हणाले. "शनिवारी साडेसहा. येशील ना बे?"