कर्नलचे प्रश्न

झुंबरलाल शेठच्या बियाणे कंपनीत दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. एक पुढच्या ऑफिसात, प्रिंटरशेजारी. दुसरा आवाराच्या पार पलीकडे, वरच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. कोणत्या लॉटचं बियाणं शेकडा किती उगवतं हे लॅबच्या कॉम्प्युटरला माहीत असायचं, आणि पिशव्यांना लावायची लेबलं पुढच्या ऑफिसात छापायची. मधला प्रवास फ्लॉपी करायची. सरकीची धूळ खाऊन खाऊन जूनच्या पहिल्याच आठवड्यात शेवटची फ्लॉपीही गेली, तेव्हा कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणारा मच्छिंद्र म्हणाला, "शेठजी, वायर तर मागंच टाकून ठेवली. आता या मशिनीच्या कर्नलमधी, म्हंजी तिच्या मूळ प्रोग्रॅममधी, एनएफएस क्लायंट सपोर्ट चालू केला, की लॅबच्या फायली हितूनच दिसतील. अर्ध्या घंट्याचं काम."

मच्छिंद्रने हे काम आधी कधी केलेलं नव्हतं. औरंगाबादला कोर्सला असताना एका मित्राला करताना पाहिलं होतं, तेही मित्राच्या पाठीमागे उभं राहून.

"क्लायंट म्हणजे गिऱ्हाईक ना?" शेठजींनी विचारलं.

"हो. ही मशीन गिऱ्हाईक, लॅबची मशीन दुकानदार."

हे शेठजींना बराबर समजलं. "मग जल्दी कर. दोनला जाफराबादचा ट्रक निघतो. लेबलाशिवाय एक पिशवी हलणार नाही."

मच्छिंद्र सकाळी अकराला बसला आणि सव्वाअकराला तातेराव आले. तातेराव वाटूरचे. त्यांच्या मुलीसाठी, शिवकन्येसाठी, मच्छिंद्रचं स्थळ चाललं होतं. पत्रिका जुळली होती, मुलगी बघायची तेवढी राहिली होती.

"कोर्टाच्या कामाला आल्तो," तातेराव टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले. "म्हटलं, पाव्हण्यांना कामावर बघून घ्यावं. करा तुम्ही तुमचं. मी बसतो उगं." आणि पडदा नीट दिसेल अशी खुर्ची बघून ते बसले.

पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत प्रश्न येत होते. अमुक सपोर्ट पाहिजे का? हो असेल तर वाय, नसेल तर एन. असे काही शे प्रश्न होते. प्रश्नचिन्ह दाबलं की खुलासा येई, आणि बहुतेक खुलाशांच्या शेवटी एकच वाक्य असे. पाच-सहा वेळा मच्छिंद्रने एन दाबल्यावर शेठजी मागे येऊन उभे राहिले आणि चष्मा सावरून त्यांनी ते वाक्य मोठ्याने मराठीत वाचलं.

"'हे सगळं काय आहे ते ठाऊक नसेल, तर एन दाबा.' म्हणजे मच्छिंद्र, तुला ठाऊक नाही?"

तातेरावांनी मान वर केली.

"ठाऊक आहे की," मच्छिंद्र म्हणाला आणि त्याने वाय दाबला.

तिथून पुढे त्याने वायच दाबला. ऑफिसच्या मशीनला जॉयस्टिक नव्हती, आवाजाचं कार्ड नव्हतं, हौशी रेडिओवाल्यांशी बोलायची तर कुणाचीच इच्छा नव्हती. मच्छिंद्रने सगळ्यांची सोय केली.

"हे कोन विचारून राह्यलंय येवढं?" तातेरावांनी विचारलं.

"कर्नल, मामा."

"मिलिटरीतला?"

"न्हाई. मशिनीच्या आतला. आधी समदी चौकशी करतो, मंग कामाला लागतो."

तातेरावांना यात काही गैर वाटलं नाही. मच्छिंद्रची चौकशी त्यांनी स्वतः चार गावांत केली होती.

ट्रकचा ड्रायव्हर साहेबराव पिशव्या कुठे लावायच्या ते विचारायला आला म्हणून शेठजी बाहेर गेले. वाय चालूच होते. दीड-दोनशे झाल्यावर तातेराव खाकरले.

"पाव्हणे, तुम्हाला समदंच येतं का हो?"

त्या आवाजात कौतुक नव्हतं. मच्छिंद्रची बोटं थांबली.

"आमच्या गावात बी एक होता असा," तातेराव म्हणाले. "समदंच येतंय म्हनायचा. आमच्या चुलतभावाची मोटार उघडली त्यानं."

"मंग?"

"मंग काय. अजून उघडीच हाय."

काहीच न येणारा जावई चालत नाही हे मच्छिंद्रला माहीत होतं. सगळं येणाराही चालत नाही, हे त्याला आत्ता कळलं. कुठेतरी एकदा नम्रपणे नाही म्हणायला हवं होतं. तो तातेरावांकडे वळला.

"आता बघा मामा, समोरचं हे मला न्हाई येत. न्हाई येत तर न्हाई म्हनावं मानसानं," असं म्हणून, तातेरावांवरची नजर न काढता, त्याने ठामपणे एन दाबला.

तातेरावांनी समाधानाने मान हलवली. प्रश्न पडद्यावरून वर सरकून गेला. तो एनएफएस क्लायंट सपोर्टचा होता.

मग मशीन कर्नल तयार करायला लागली. पडद्यावरून ओळी धावत होत्या. तातेरावांनी त्या वाचायचा प्रयत्न केला, सोडला, चहा घेतला. तास झाल्यावर मशीनने कळवलं की कर्नल फार मोठा झाला आहे. मित्राची एक युक्ती आठवून मच्छिंद्रने तो दाबून बसवला, जुन्याच्या जागी नवा ठेवला आणि मशीन बंद करून चालू केली. नवा कर्नल उठला आणि ऑफिसात कधीच नसलेल्या वस्तू एकेक करून शोधत बसला. त्यातली एकही नाही अशी खात्री झाल्यावर, पावणेदोनला, त्याने मच्छिंद्रला काम विचारलं.

मच्छिंद्रने लॅबच्या फायली मागितल्या. कर्नल म्हणाला, असला प्रकार आपल्याकडे नाही.

मच्छिंद्रने आधीच्या उत्तरांची यादी उघडली. सुरुवातीचे पाच-सहा नकार सोडले तर एकापाठोपाठ एक हो, हो, हो, आणि मध्ये तो एकटा नकार.

"काय झालं?" शेठजींनी दारातून विचारलं.

"एक राह्यलं, शेठजी. परत करावं लागंल. दीड घंटा."

"आणि जुनं होतं ते?"

"त्याच्यावरच नवं ठेवलं."

बाहेर साहेबरावने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. शेठजींचा चेहरा बघून मच्छिंद्रने पुन्हा पडद्याकडे पाहिलं नाही. फायली प्रिंटरकडे येत नव्हत्या. प्रिंटरला फायलींकडे जाता येत होतं. तो मोठ्या कागदाचा लोखंडी प्रिंटर होता, आणला तेव्हा दोन हमाल लागले होते. मच्छिंद्रने त्याच्या वायरी काढल्या, गुडघा टेकला, प्रिंटर खांद्यावर घेतला आणि उठला. पिशव्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत आवार ओलांडलं, बावीस पायऱ्यांचा जिना चढला. मागोमाग तातेराव प्रिंटरची केबल दोन्ही हातांत धरून गेले.

अडीचला लेबलं छापून झाली, सव्वातीनला चिकटवून. ट्रक गेला. तातेराव टोपी घालून "येतो" एवढंच म्हणाले आणि तेही गेले.

स्थळ मोडलं, असं मच्छिंद्र धरून चालला. दुसऱ्या दिवशी कुणी पाहत नसताना त्याने कर्नलला खरी खरी उत्तरं दिली, आणि जेवायच्या आत लॅबच्या फायली पुढच्या ऑफिसात दिसायला लागल्या. त्याला आनंद झाला नाही. प्रिंटर खाली आणून ठेवतानाही झाला नाही.

पाचव्या दिवशी ऑफिसात फोन आला. शेठजींनी बोलून रिसीव्हर त्याच्यापुढे धरला.

"मामा, त्या दिवशी मशिनीचं जरा..." मच्छिंद्रने सुरुवात केली.

"मशिनीचं ऱ्हाऊ द्या हो," तातेराव म्हणाले. "मला वाटलं होतं, कॉम्प्युटरवालं पोरगं, पेनाच्या वर काही उचलत नसंल. तुम्ही तर येवढं वजन घेऊन जिना चढले अन् दम बी न्हाई लागला! घरी सांगितलं म्या, पोरगं बिलकुल बराबर हाय. रविवारी या. पोरगी बघनं व्हईल. अन् सकाळीच या, खताची गाडी यायचीय."

रविवारी मच्छिंद्र नवा शर्ट घालून पहिल्या एसटीने वाटूरला गेला. मुलगी त्याला पसंत पडली. त्याने तिला तीनदा पाहिलं: एकदा ती चहा घेऊन आली तेव्हा, आणि दोनदा खांद्यावरच्या खताच्या पोत्याखालून.