काही वाटलं तर दाब

"मशीनमध्ये शिंक आली, तर ती फोटोत दिसते का?"

हा प्रश्न विचारायची मैत्रिणींनी भिंगरीशी पैज लावली होती, आणि शब्दाला जागून तिने तो एमआरआयच्या खोलीत शिरताशिरताच विचारून टाकला. मशीन चालवणाऱ्या ताईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"फोटो खुब्याचा आहे, नाकाचा नाही. पण शिंकेने कंबर हलली तर तो पुसट येतो. तेव्हा न शिंकलेलं बरं."

भिंगरी हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून पडलेलं. रिले शर्यतीतला शेवटचा टप्पा तिचा होता. पण खुबा असा धरला होता, की जिना ती खेकड्यासारखी आडवी उतरे. "रिपोर्ट बघितल्याशिवाय मैदानात पाऊल नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. शर्यत रविवारी.

"नुसतं पडून तर राहायचंय गं आई. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा जमतं मला ते," बाबांबरोबर दाराबाहेर थांबलेल्या आईला तिने धीर दिला.

ताईंनी तिच्या केसांतल्या पिना आणि कानातले काढायला लावले, पावलं जुळवून पट्टी बांधली, कमरेवर ढालीसारखं काहीतरी ठेवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात रबरी फुगा दिला.

"अजिबात हलायचं नाही. काही वाटलं तर हा दाब."

फळी सरकली. कमरेपर्यंत भिंगरी आत, डोकं मात्र बाहेरच. एवढंच? मग भिंतीला भोकं पाडावीत तसा आवाज सुरू झाला. तिने फुगा दाबला. मशीन थांबलं.

"काय झालं?"

"थंडी वाटली."

ताईंनी पांघरूण दिलं. पुन्हा खटखट, पुन्हा फुगा.

"आता काय?"

"या आवाजावर नाचता येईल, असं वाटलं."

तिसऱ्यांदा ताई धावत आल्या.

"मैत्रिणींना आत्ता गणिताचा तास असेल. वाईट वाटलं."

"अगं, तुला काही वाटतं का?"

"वाटतं ना. म्हणून तर दाबतेय."

ताईंनी दार उघडून आईबाबांना गाठलं. "तुमच्या मुलीला सारखं काहीतरी वाटतंय हो."

"हिला?" आई चक्रावली. "जन्मल्यापासून विचारतेय मी, काही वाटतं का तुला म्हणून. आजवर कधी वाटलं नाही."

"मशीन चांगलं दिसतंय," बाबा म्हणाले.

ताईंनी मग नीट फोड करून सांगितलं, "गुदमरलं, भाजलं, घाबरायला झालं, तरच दाबायचं. आता उगाच थांबवलंस, तर पुढच्या बुधवारी ये."

बुधवारी! म्हणजे रविवार गेलाच. भिंगरी ओंडक्यासारखी पडली. आणि नेमकी तेव्हाच शिंक आली. नाक हुळहुळलं, डोळ्यांतून पाणी वाहिलं, फुगा घामाने हातातून निसटू लागला. पण कंबर तसूभर हलली नाही. मशीन थांबलं, ताईंनी "झालं" म्हटलं, आणि मग जी शिंक सुटली तिने बाहेरचे बाबा उठून उभे राहिले.

फोटो आरशासारखे स्वच्छ आले. इतके, की ताणलेला स्नायू डॉक्टरांना पहिल्या नजरेत दिसला. "हाड ठणठणीत आहे. पण महिनाभर धावणं बंद."

घरच्या जिन्यात थांबून भिंगरीने जाहीर केलं, "माझा टप्पा राखीव मुलीला द्यायचा, ठरलं. मी काठावरून ओरडणार. तिथे हललं तरी चालतं."

आईचा आवाज मऊ झाला. "वाईट वाटलं का गं फार?"

"वाटलं," भिंगरी आडवी पायरी चढत म्हणाली. "पण दाबलं."